नानांचा सालदार

जळगावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं, गाव, आडनाव यातलं काहीच विचारलं नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले होते, पांढरा पायजमा, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. माझ्याकडे न बघता त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "सामाननी यादी कर. प्रत्येक वस्तू कोठे ठेवशी, ते समोर लिख."

मी धुळ्याची. अहिराणी मला परकी नव्हती, पण असला प्रश्न परका होता. तरी लिहिलं. ट्रंक खाटेखाली, स्टोव्ह खिडकीपाशी, पुस्तकं फळीवर. त्यांनी यादी वाचली आणि बोट ठेवलं. "छत्री?"

"छत्री नाही माझ्याकडे."

"लेवानी तर पडीच ना कधी. मंग तिनी जागा आतेच ठरव. दाराच्या मांगे खिळा शे. तठे दुसरं काही टांगानं नही."

ते ऐकून मी परत फिरायला हवं होतं. कुठलीही शहाणी मुलगी फिरली असती. पण खोली हवेशीर होती आणि आतून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, "राहा गं, चावत नाहीत ते," असं सांगितलं. मी राहिले. पुढे दोन वर्षं तो खिळा रिकामाच राहिला, कारण छत्री मी घेतली नाही ती नाहीच. एकदा नुसता टॉवेल लटकवला होता, तर संध्याकाळी तो घडी घालून माझ्या खाटेवर ठेवलेला. वर चिठ्ठी होती : "जागा चुकली."

सगळे त्यांना नानाच म्हणत. मीही म्हणायला लागले. नाना रेल्वेच्या टपालडब्यात वर्गवारी करायचे. भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीला टपालाचा एक डबा असे. त्या हलत्या डब्यात उभं राहून, खणाखणांच्या लाकडी फळीत, पत्ता वाचून चिठ्ठी टाकायची, स्टेशन आलं की त्या खणातला गठ्ठा बांधून खाली द्यायचा. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. एकतीस वर्षांत एकही चिठ्ठी चुकीच्या खणात गेली नाही, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत. दूधवाल्याला सांगत, वीजमीटर बघायला आलेल्याला सांगत. मला पहिल्या आठवड्यात चार वेळा सांगितलं. फुशारकीच होती, पण खरी होती, आणि खऱ्या फुशारकीला काय बोलणार?

निवृत्त झाल्यावर त्यांनी सुताराकडून तशीच खणांची फळी करून घेतली आणि काकूंच्या स्वयंपाकघरात उभी केली. खणांना स्टेशनांची नावं. पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. त्यात डाळी, मसाले, सुया-दोरे, औषधं, बिलं. मिरच्या दोंडाईच्यात, हे निदान समजण्यासारखं होतं, तिथला मिरचीचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. पण जिरं नरडाण्यात का? "तठे जिऱ्याचा एक व्यापारी होता," एवढंच उत्तर. मी नवी असताना काकू आतून ओरडल्या, "अगं, नरडाण्यातून जिरं आण जरा!" आणि मी चपला घालून दारात उभी राहिले होते. त्या दिवशी काकू पोट धरून हसल्या आणि मी त्या घरची झाले.

काकू काही मुकाट्यानं सोसणाऱ्यातल्या नव्हत्या. रागावल्या की चिंच मुद्दाम नंदुरबारात टाकायच्या. नाना एक शब्द न बोलता ती उचलून अमळनेरात ठेवायचे. भांडण झालं की मिटलं हे मला चिंचेवरून कळे.

नानांची दोन वचनं होती आणि सगळा माणूस त्या दोन वचनांवर उभा होता. पहिलं, "आधी जागा, मंग वस्तू." दुसरं, "लोकेसनं टपाल वाचानं नही." पत्ता वाचायचा, मजकुराकडे डोळा जाऊ द्यायचा नाही. पाकिटांचं सोपं आहे, पण कार्ड उघडंच असतं. नाना म्हणत, सवय केली की डोळा फक्त पत्त्याच्या बाजूला जातो, दुसरी बाजू असते हेच तो विसरतो.

हे नुसतं बोलणं नव्हतं. काकूंचे वडील धुळ्याला आजारी पडले तेव्हा मेव्हण्यानं नानांच्या नावानं कार्ड टाकलं. ते कार्ड फिरत फिरत गाडीत नानांच्याच हाती आलं. वर स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. नानांनी ते जळगावच्या खणात टाकलं. उलटूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमननं घरी आणून दिलं तेव्हा वाचलं, मग दोघं धावत धुळ्याला गेले. सासरे बरे झाले, पुढे अकरा वर्षं जगले. पण काकूंनी हे कधी माफ केलं नाही. माझ्यासमोर एकदा विषय निघाला, तर नाना शांतपणे म्हणाले, "तवय ते डिलिव्हरी व्हयेल नव्हतं. डिलिव्हरी व्हवापावत चिठ्ठी कोणीच नसस. मनी बी नही."

काकू म्हणाल्या, "ऐकलंस? हातात आलेली चिठ्ठी पोचवेपर्यंत स्वतःचीसुद्धा नाही! आता सांग, या माणसाबरोबर मी संसार कसा केला असेल?"

मला मात्र तो माणूस त्या क्षणी फार आवडला. अजूनही आवडतो. मला वेडीच माणसं आवडतात असं आई म्हणायची, त्यात तथ्य असावं.

निवृत्तीनंतर वर्षभरात नाना एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत पहिल्या बाकावर बसत. मास्तरला त्यांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे की, "येल वस्तू ठेवानी कोठे?" मास्तरनं फोल्डर दाखवला. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. नाना त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाहीत, इतके खूश होते. कधी भरतच नाहीत असे खण कुणीतरी करून ठेवले होते.

पुढे त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि टेलिफोनच्या तारेला जोडायचं ते किरकिरणारं यंत्र, मॉडेम, घेतलं. हे नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाचं. इंटरनेट म्हणजे नाशिकला एसटीडी लावायचा, लागला तर लागला. फोन पहाटे स्वस्त पडे, म्हणून नाना पाचला उठत. एक चित्र पडद्यावर वरून खाली उतरेपर्यंत चहा होऊन पिऊन होई. पान उघडायचं, चित्रावर जायचं, "कुठे ठेवू?" म्हणून कॉम्प्युटर विचारणार, जागा सांगायची, मग पुढचं चित्र. नानांना हे पटेना. "हाई तर मी हातवर हात ठीसनी बठाचं काम शे." तीन महिने एक जाडजूड पुस्तक घेऊन बसले आणि त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं लिहून दिलेली आज्ञांची यादी. अमुक पानावर जा, तिथली चित्रं शोध, एकेक उतरव आणि मी सांगितलेल्या फोल्डरात ठेव. एका वहीसारख्या फाइलमध्ये नाना डावीकडे पानाचा पत्ता लिहीत, उजवीकडे फोल्डरचं नाव. उजवी बाजू कोरी असेल तर स्क्रिप्ट ते पान उघडतच नसे. जागा ठरलेली नसेल तर वस्तू यायचीच नाही.

या स्क्रिप्टला ते 'सालदार' म्हणत. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला आमच्याकडे सालदार म्हणतात. पहाटे मी ब्रश तोंडात घालून खाली आले की नाना समाधानानं सांगत, "मना सालदार कामले लागना," म्हणजे माझा गडी कामाला लागला. आणि स्वतः झोपाळ्यावर बसत.

गल्लीतले लोक त्यांच्याकडे चित्रं मागायला येत. शाळेतल्या बाईंना ग्रह-तारे हवे असत, रांगोळीवालीला नवे आकार, सोनाराला दागिने. नाना पानं शोधून वहीत लिहीत, सालदार चित्रं आणी, नाना फ्लॉपीवर फोल्डर उतरवून वर नाव लिहून देत. पैसे घेत नसत. आणि गंमत अशी की ते चित्रं बघत नसत. एकही नाही. सालदार शेवटी हिशेब देई, 'इतकी आली, इतकी ठेवली', तेवढं वाचत. ग्रह-तारे कसे दिसतात हे त्यांनी त्या फ्लॉपीवर पाहिलंच नाही. कारण विचारलं तर तेच, "ते बाईनं टपाल शे."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं.

फळबागायतदारांच्या एका संघानं जळगावात शेतीसल्ल्याचं केंद्र काढलं होतं, तिथे मी लागले होते. नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले, सहा महिने शिकाऊ म्हणून. माझा अभ्यास कापसावर. केळी मी खाल्ली होती, बस. कार्यालयातल्या पुस्तकांत केळीच्या रोगांचे फोटो काळे-पांढरे, पिवळा पट्टा आणि हिरवा पट्टा दोन्ही करडे. पण हे सांगणार कुणाला? टेबलावर माझ्या नावाची पाटी होती.

एका सोमवारी सावद्याजवळच्या गावाहून एक बाई आली. पन्नाशीची, उंच, नऊवारी. नवरा केळीच्या गाड्यांबरोबर उत्तरेत गेलेला, बाग तीच बघायची. गावात तिला अक्का म्हणत. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं केळीचं पान आणलं होतं. पान अरुंद, त्यावर पिवळे पट्टे. ती म्हणाली, "बाई, शेजारचे म्हनतात हरण्या हाये. उपटून टाक म्हनतात. तू पाह्य आन् सांग. तू सांगशीन ते मी करीन."

हरण्या हा केळीवरचा विषाणूचा रोग. मावा नावाचा किडा तो एका बागेतून दुसऱ्या बागेत नेतो. त्याला औषध नाही, खोड मुळासकट उपटून जाळायचं. अक्काची चार महिन्यांची लागवड, तीन हजार खोडं, आणि निम्म्याहून जास्त खोडांवर हे पट्टे. शेजारच्यांचा जीव आपापल्या बागांसाठी कासावीस झालेला. त्यांचंही चूक नव्हतं.

मी "दोन दिवसांत सांगते" म्हटलं आणि घरी येऊन नानांना गाठलं. नानांनी रात्रीच्या जेवणाआधी परदेशी विद्यापीठांची अकरा पानं शोधली, जिथे केळीच्या पट्टे पडलेल्या पानांचे रंगीत फोटो होते. वहीत अकरा ओळी, समोर एकच फोल्डर, 'केळी पिवळे पट्टे'. मंगळवारी पहाटे सालदारानं काम केलं. नानांनी फ्लॉपी माझ्या हातात दिली. "पोरी, तुनं टपाल."

कार्यालयात फ्लॉपी उघडली. आत एकच फोटो. फोटोतच खाली रोगाचं इंग्रजी नाव छापलेलं, म्हणजे हरण्या. पिवळे पट्टे, अरुंद पान. मी अक्काचं पान शेजारी धरलं. जुळत होतं. ते जुळावं असं मला वाटतच होतं, म्हणून जुळलं. धुळ्याला माझे जुने सर होते, एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण नवी नोकरी आणि अंगात शहाणपण. बुधवारी अक्काच्या गावी जाऊन, बांधावर उभी राहून, पाच-सहा शेजाऱ्यांसमोर मी निकाल दिला : हरण्या आहे, सगळी खोडं काढा आणि जाळा.

अक्कानं बागेवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "सगयी केयी?"

"हो, अक्का."

शेजाऱ्यांनी मजूर ठरवून टाकले. शुक्रवार सकाळ.

शुक्रवारी साडेसहाला नाना चहा पीत होते, मी पायरीवर बसलेले. त्यांनी सहज विचारलं, "मंग, अकरामाईन कोणता जुयना?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी म्हटलं, "अकरा कुठले नाना? एकच तर होता."

नानांची बशी तशीच ओठाशी राहिली. "एक? अकरा उनात. अकरा ठेवात. सालदारना हिशेब शे मनापान."

ते उठून आत गेले. मी मागोमाग. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा फोल्डर उघडला. आत एक फोटो. मग हिशेबाची यादी काढली. अकरा ओळी. प्रत्येक ओळीत फोटोचं नाव, आणि अकराही नावं एकच. सगळ्या विद्यापीठांनी आपापल्या पानावरच्या फोटोला इंग्रजीत नुसतं 'पान एक' असं नाव दिलेलं. एका फोल्डरात एका नावाची एकच वस्तू राहते. दुसरा फोटो आला की पहिल्यावर चढायचा आणि पहिला पुसला जायचा. सालदारानं प्रामाणिकपणे अकरा वेळा ठेवलं होतं आणि दहा वेळा पुसलं होतं.

नाना खुर्चीत बसले. "टपालमा आसं व्हत नही, पोरी," ते हळू म्हणाले. "एकच पत्ताना दोन चिठ्ठ्या एक खणमा बसतस. एक दुसरीले खात नही."

मी म्हटलं, "नाना, आज बाग उपटताहेत."

पुढचा प्रसंग मला आजही तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. गावात फोन एकाच वाण्याकडे, तो कुणी उचलेना. मी म्हणत होते, आधी फोटो पुन्हा उतरवू, खात्री करू, मग जाऊ. हरण्याच निघाला तर माझं हसं होईल ना! नाना चपला घालत म्हणाले, "फोटोले दोन तास लागतीन. खोड उपाडाले एक मिनिट. पयले त्या हात थांबाड." हिशेबाच्या यादीचा कागद त्यांनी खिशात घातला. काकूंनी न विचारता दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, आणि आम्ही सावद्याची एसटी धरली. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं. नानांनी दोनदा कागद काढून वाचला, पुन्हा घडी घातली.

पोहोचलो तेव्हा मजूर बाराव्या ओळीवर होते. मागे खोडं आडवी पडलेली, मुळांना काळी ओली माती. अक्का स्वतः एक खोड धरून उपटत होती. मी बांधावरच थांबले. हे कबूल करते. नाना गेले. पासष्टीकडे झुकलेला माणूस, पायजम्याला चिखल लागतोय, मधोमध उभा राहून हात जोडून म्हणाला, "थांबा. हात जोडस मी. थांबा."

कोयता हातात घेतलेला एक शेजारी पुढे आला. "बुढ्या, तू कोन?"

"टपालवाला."

"टपालवाल्याचं इथी काय काम?"

नानांनी कागद काढला. "या बाईले मी फोटो दिधात. अकरा देवाना व्हतात. दहा मना हातथीन ग्यात. तिले एकच दिसना. एक दखीसनी कोणी काय सांगी? चूक तिनी नही. चूक मनी."

शेजाऱ्यानं विचारलं, "मंग हरण्या नाही म्हनतो?"

"शे का नही, ते माले माहीत नही. रविवारपावत थांबा, एवढंच मांगस."

बराच गलका झाला. आमच्या बागेला लागलं तर तू भरून देशील का, वगैरे. शेवटी अक्का पुढे आली. तिनं नानांकडे पाहिलं, मग बांधावर माझ्याकडे पाहिलं, आणि मजुरांना म्हणाली, "रविवारलोक थांबा." बाग तिची होती. मजूर थांबले. माव्यासाठी कडेनं फवारून घ्यायचं ठरलं, म्हणजे शेजाऱ्यांनाही धीर आला. मी त्या सगळ्यात एक वाक्य बोलले, ते फवारणीच्या औषधाचं.

शनिवारी पहाटे नानांनी सालदाराला नवी आज्ञा दिली : प्रत्येक फोटोच्या नावापुढे पानाचा क्रमांक लाव, आणि त्या नावाचं काही आधीच असेल तर हात लावू नको, मला हाक मार. अकरा फोटो आले. नाना माझ्याबरोबर बसले आणि एकेक फोटो पाहिला, भिंगातून पाहिला. फोटोंत हरण्याही होता, पण त्यात मधला कोंब सडलेला आणि पट्टे तुटक. अक्काच्या पानावरचे पट्टे सरळ, समांतर, पानाच्या मागे तांबूस झाक, आणि बागेतला एकही कोंब सडलेला नव्हता. तसाच फोटो तीन पानांवर होता. खाली लिहिलं होतं, जस्ताची कमतरता. मग मी धुळ्याला सरांना फोन केला, लक्षणं वाचून दाखवली. ते म्हणाले, "जस्त दे आणि गप्प बस. तुमच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचं आहे."

रविवारी जस्ताची फवारणी झाली. महिन्याभरात नवीन पानं रुंद आणि हिरवी निघाली. तोच कोयतेवाला शेजारी पुढे आपलं पान दाखवायला केंद्रावर आला.

उपटलेल्या खोडांच्या जागा मात्र रिकाम्या होत्या. नाना चार रविवार सावद्याच्या एसटीनं जात राहिले. दोरी ताणून, प्रत्येक खड्ड्याशी नंबर लिहिलेली खुंटी ठोकून, मग कंद लावायचा. मजूर हसत. अक्का म्हणायची, "बुढा केयी लावतो का रजिस्टर लिव्हतो?" आणि भाकरी द्यायची. तिथेच वांग्याच्या भरितावरून नानांची आणि तिची मैत्री झाली.

मी एकदा धीर करून नानांना म्हटलं, "चूक तुमची एकट्याची नव्हती. एका फोटोवर निकाल मी दिला." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुले काय दिधं मी? एक फोटो. सालदार मना. चूक मनी." विषय बंद.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आल्यावर मला फार लागलं. त्या शुक्रवारनंतर नानांनी एकतीस वर्षांची गोष्ट कुणाला सांगितली नाही. नवा दूधवाला आला, त्यालाही नाही. एकदा काकूंनीच पाहुण्यांसमोर सुरुवात केली, "आमचे हे, एकतीस वर्षं एकसुद्धा..." तर नाना उठून पाणी प्यायला गेले. ज्या एका गोष्टीवर तो माणूस ताठ मानेनं जगला, ती त्यानं चिखलात उभं राहून सोडून दिली होती, आणि सोडून देताना माझी दोन महिन्यांची नोकरी वाचवली होती. माझ्या कार्यालयापर्यंत जी हकिगत गेली ती अशीच गेली की कुणा म्हाताऱ्याकडून फोटो हरवले, बाईंनी वेळेत जाऊन बाग वाचवली. साहेबांनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

सहा महिने संपले, मी कायम झाले. घड कापायला आले तेव्हा अक्काचा निरोप आला, येऊन जा. नानांना ताप होता, म्हणून मी एकटी गेले. बागेत सावली दाट झालेली, घडांना टेकू दिलेले. आम्ही पाटाच्या कडेला बसलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी नाना म्हणाले तसं नव्हतं. फोटो त्यांच्याकडून गेले, ते खरं. पण एका फोटोवर बाग उपटायला मी सांगितलं. विचारायला माणसं होती, मी विचारलं नाही. बोलायला हवं होतं, बांधावर उभी राहिले."

अक्का घडाचं वाळलेलं टोक खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले का ठाऊक नव्हतं, बाई? पान तर तूच पाह्यलं होतं. तो बुढा त्या दिवसाआधी माह्या वावरात आला होता का कधी?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"एवढा म्हातारा मानूस, परक्या पोरीसाठी चार लोकांत हात जोडून उभा. त्याले खोटं पाडू?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मले वाटलं, तू बोलशीन. दुसऱ्या दिवशी येशीन आन् बोलशीन. लई महिने लावले तू."